भागरताचा वाळा

भुईतलावाच्या पूर्व काठावरचा वाळा कुणीतरी उपटला आहे. ठोंबच्या ठोंब, मुळांसकट. कुणी, ते मी विचारत नाही. पण ज्याने उपटला त्याला आपल्या बंगल्यापुढे होडी लावायला सिमेंटचा धक्का हवा आहे, आणि ही गोष्ट त्याने ऐकलीच नसेल असं मी मानत नाही. तुम्ही पाहुणे आहात, तुम्ही तरी ऐका.

आमचा धक्का पाहा. शेजारी-शेजारी बांधलेले दोन डोंगे, म्हणजे लाकूड कोरून केलेल्या होड्या, त्यांवर बांबूची ताटी, आणि अर्जुनाच्या झाडाला दोर. काठाच्या मातीत एक खुंटीसुद्धा ठोकलेली नाही.

खूप वर्षांपूर्वी इथे उरकुडाजी नावाचा मालगुजार होता म्हणे. जमीन त्याची, तलावही त्याचाच. साहेब लोक बदकांच्या शिकारीला येत आणि त्यांचे बूट चिखलात रुतत. म्हणून त्याने पक्का धक्का बांधायला घेतला. वाळ्याच्या मुळांच्या जाळीत खांब शिरेनात, तेव्हा आधी सगळा वाळा खणून काढला आणि मग सागाचे खांब ठोकले. फागू ढिवर तलावात मासे धरायचा. तो म्हणाला, "मालक, काठ उघडा पडला जी."

"मंग त्याले लुगडं नेसव," मालगुजार हसला.

श्रावणात वारा सुटला. लाटा उघड्या मातीवर आपटू लागल्या. काठ वरून शाबूत दिसे, आतून पोखरला जाई, आणि मग धप्पकन कोसळे. तो आवाज घराघरांत ऐकू येई. गुरं दावं तोडायला बघत. काठ मागे मागे सरकला आणि धक्क्याचे खांब पाण्यात एकटे उभे राहिले. शेवटी लाटा पाळीला भिडल्या. पाळ म्हणजे तलाव अडवणारा मातीचा बांध. तिच्या पायथ्याशी सगळं गाव.

असे सांगतात, की लोकांनी तो आवाज भुकेचा मानला. तलाव माणूस मागतो आहे. मालगुजाराच्या ओसरीवर ठरलं, नवी सून द्यावी, कारण ती अजून पुरती गावाची झालेली नसते. फागूची सून भागरता नुकतीच आली होती. तिचा नवरा त्या बैठकीत होता. तो मान खाली घालून बसून राहिला.

फागू घरी आला तेव्हा भागरता चुलीपुढे होती.

"मामाजी, मले नेतेत ना जी?"

"तुले कोणं सांगतलं?"

"कोणीच नाही. सकाळपासून एकही बाई माह्याशी बोलली नाही."

ती पळाली नाही. तिने गावाला दोन गोष्टी मागितल्या. खांब उपटा आणि या काठात पुन्हा काही ठोकणार नाही अशी शपथ घ्या. आणि वाळा परत आणा. साहेबांच्या खिडक्यांना थंडगार ताट्या करायला तो मालगुजाराच्या परसात रचून ठेवला होता, अजून हिरवा होता. गावाने शपथ घेतली. खांब उपटले. भोकांतून पाण्याचे बुडबुडे येत राहिले.

भर दुपारी आभाळ काळं झालं. लाटांनी पाळीला पाडलेल्या खांडात, त्या खिंडारात, भागरता उतरली आणि वाळ्याचा एकेक ठोंब पायाने दाबत आत बसवू लागली. वरून पुरुष टोपल्यांनी चिखल ओतत होते. चिखल तिच्या कमरेला आला, मग छातीला. तिचे हात चालूच होते. एक लाट आली, आपटली, आणि माती न घेताच परत गेली. फागूने ते पाहिलं.

"थांबा! पाणी माती नेत नाही! काढा तिले!"

मागचे लोक टोपल्या ओततच राहिले. एवढे घाबरलेले हात कुणाचं ऐकत नाहीत. ते थांबले तेव्हा चिखलावर काहीच दिसत नव्हतं. मग सगळे हातांनी उकरू लागले. आत लांब, बारीक, गुंतलेली मुळं लागली. मुळं कोणती आणि केस कोणते, ते कुणाला कळेना. म्हणून उकरणं सोडून दिलं, असे सांगतात.

भागरताने पाळ राखली असं इथे सगळे हात जोडून म्हणतात. ते ऐकून माझा संताप होतो. पाळ वाळ्याने राखली. वाळा लावून तिला वर ओढून घेता आलं असतं. आम्ही तिला उगाच पुरलं.

आजही इथला वाळा कुणी ओढत नाही, तिचे केस ओढल्यासारखं होतं म्हणून. आजही नवी सून घरात पाऊल टाकण्याआधी काठावर वाळ्याचा ठोंब लावते, आणि त्या दिवशी गावातल्या प्रत्येक बाईने तिच्याशी बोलायचंच असतं.

यंदा रेवती नावाची सून नागपूरहून आली. काठावर बसली तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं. बाया चेष्टा करत होत्या, "साडी सांभाळ वो, शहरातली चिखलाले भेते!" तिने ठोंब घेऊन कोपरापर्यंत हात चिखलात घातला. बराच वेळ हात तसाच होता. मग तिने तो हिसकून बाहेर काढला.

"लावला का वो?" एकीने विचारलं.

रेवती आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होती.

"मी नाही लावला," ती म्हणाली. "आतून कुणीतरी घेतला."