नाईकाचा बंधारा

फार पूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावानं आपल्या जुलमी राजाला नुकतंच घालवून दिलं होतं. राजा गेला, पंच आले. सभेची रीतही नवी ठरली. ज्याला बोलायचं असेल त्यानं उभं राहायचं. त्याचं संपेपर्यंत त्याला कुणी खाली बसवायचं नाही. रीत चांगली, पण माणसं हौशी! ज्याला त्याला उभं राहायची घाई. ओढ्यावर बंधारा कुठं बांधायचा, एवढ्या एका गोष्टीचं भिजत घोंगडं पडलं आणि उन्हाळ्यात विहिरींनी तळ गाठला.

गावाच्या वर खिंड होती. तिथं राखणदार पहारा देत. त्यांचा नाईक शूर होता, हाताचा स्वच्छ होता आणि कमी बोलायचा. पंचांना कंटाळलेल्या लोकांना तो फारच आवडू लागला.

एके दिवशी बायामाणसं रिकाम्या घागरी घेऊन खिंडीत गेली. म्हणाली, "नाईकबाबा, या बारभाईच्या कारभारात आम्ही तहानेनं मरू. तुम्हीच खाली या."

नाईकाला वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. तो आपली काही माणसं घेऊन उतरला, पंचांना घरी धाडलं आणि म्हणाला, "बंधारा होईपर्यंतच बसतो. मग तुमचं तुम्ही बघा." गावानं गूळ वाटला.

सभा भरली. नाईकानं जागा सांगितली: ओढ्याचं वरचं अरुंद वळण. तिथं दगड कमी लागणार होते. तेवढ्यात एक कुंभारीण उभी राहिली.

"बाबा, तिथं खाली नुसती वाळू..."

"खाली बस!" दारातला राखणदार ओरडला. खिंडीत हुकमाशिवाय कुणी उभं राहत नसे. त्याला हा उर्मटपणा वाटला.

कुंभारीण बसली. तिला बोलू द्यावं, असं नाईकाच्या मनात आलं. पण तिच्यामागून आणखी दहाजण उठले तर? पुन्हा तेच गुऱ्हाळ! तो गप्प राहिला. त्यानंतर सभेत कुणीच उठेना. नाईकाला वाटलं, चला, गाव एकदिलाचं झालं.

काम झपाट्यानं उरकलं. खिंडीतले राखणदारसुद्धा दगड वाहायला उतरले. पावसाळ्यात बंधारा काठोकाठ भरला, बायकांनी खणानारळानं ओढ्याची ओटी भरली. पुढच्याच मोठ्या सरीत पायाखालची वाळू सरकली आणि बंधारा फुटला. खालची आळी गेली, गुरं गेली, कुंभारणीचा धाकटा दीर वाहून गेला. माणसं चिखल उपसत असताना मोकळ्या खिंडीतून लुटारू आले आणि त्यांनी धान्याची कोठारं धुऊन नेली.

नाईकानं सभा बोलावली. "तिथं वाळू आहे, हे आणखी कुणाला ठाऊक होतं?"

त्याचा जुना राखणदार सोबती म्हणाला, "मला होतं. पाया मीच खणला."

"मग बोलला का नाहीस?"

"हुकूम झाल्यावर आपल्यात बोलत नाहीत, नाईक. तुम्हीच शिकवलंत. खिंडीत त्याच्याच जोरावर आपण जिंकतो."

नाईकाला तिथंच सगळं कळलं. जी शिस्त खिंडीत गावाला वाचवत होती, तिनंच खाली येऊन गाव बुडवलं होतं.

राखणदारांनी त्याला बाजूला घेतलं. "आता गादी सोडू नका. सोडलीत की लोक जाब विचारतील."

"विचारू देत," नाईक म्हणाला.

त्यानं पंचांना परत बोलावलं आणि आरोपीसारखा त्यांच्यासमोर उभा राहिला. गावानं त्याला दिवसभर फैलावर घेतलं. कुंभारीण सर्वांत जास्त बोलली, रडत रडत बोलली. नाईकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो हलला नाही. मग तिची माफी मागून तो आपल्या माणसांसह खिंडीत परतला.

पुढच्या उन्हाळ्यात नव्या बंधाऱ्यावरून गावात पुन्हा खडाजंगी सुरू झाली. काही वैतागलेली माणसं खिंड चढून आली. "नाईकबाबा, एकदाच या! हे पंच काही ठरवत नाहीत."

नाईकानं त्यांना बसायला घोंगडी दिली, प्यायला पाणी दिलं आणि म्हणाला, "लुटारू आले तर हाक मारा, जीव देईन. भांडण झालं तर भांडा. ते तुमचं काम आहे."

माणसं कुरकुरत उतरली आणि अर्ध्या वाटेवरच बंधाऱ्यावरून वाद घालू लागली.

तात्पर्य: ज्याच्या हुकमापुढं कुणी बोलत नाही, त्यानं वेस राखावी, गाव चालवायला उलट बोलणारी माणसं लागतात.