पहिली किक

"पण वस्ताद, पहिली किक तुम्हीच मारायची ना?"

दस्तगीर वस्ताद बशीतला चहा फुंकत राहिले.

विचारणारे डॉ. पद्माकर नाडगौडा. चौतीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात इंजिनांचं शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गेली अडीच वर्षं ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात, चौथी शिकलेल्या वस्तादांच्या हाताखाली, एका जुन्या ब्रिटिश मोटरसायकलचं इंजिन जुळवत होते. भंगारातून आणलं तेव्हा पिस्टन गंजून आत घट्ट बसलेला. आज शेवटचा नट आवळून झाला होता. पेट्रोलही भरलेलं होतं.

गॅरेजची रीत अशी, की नव्यानं बांधलेल्या इंजिनाला पहिली किक वस्तादांची.

"ती रीत गिऱ्हाइकाच्या गाडीला," वस्ताद म्हणाले. "न्हाई पेटली तर नाव माझं जातं. ही कुणी बांधली?"

"मी." सरांची मान ताठ झाली. "एक नट दुसऱ्याच्या हातानं आवळलेला नाही. सगळी मापं या वहीत आहेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत!"

"मग मारा की."

"...आणि नाही पेटली तर?"

वहीतला दिमाख पायापर्यंत उतरत नव्हता.

वस्तादांनी बशी खाली ठेवली. "प्लग काढा."

सरांनी प्लग काढला.

"आता अंगठा द्या."

"शेवटी गुरुदक्षिणेवर आलातच!" सर हसले.

वस्ताद हसले नाहीत. त्यांनी सरांचा अंगठा प्लगच्या भोकावर दाबून धरला आणि दुसऱ्या हातानं किक सावकाश खाली रेटली.

फस्स...

"काय म्हणतंय?"

"गेज लावून नक्की आकडा सांगतो."

"आकडा कुणी मागितलाय? अंगठ्याला काय म्हणतंय?"

पुन्हा किक खाली गेली. सरांनी डोळे मिटले. सगळा जोर लावून अंगठा दाबला, तरी आतल्या हवेनं तो उडवून लावला.

"...ढकलतंय," सर म्हणाले. आणि मग, स्वतःशीच बोलावं तसं, "चांगलंच ढकलतंय की हो!"

"लावा प्लग."

सरांनी प्लग बसवला. धोतराचा काचा मारावा तशी पँट जरा वर ओढली. एक पाय किकवर, सगळं अंग त्यावर. मारली.

काही नाही.

दुसरी मारली. खोकल्यासारखा एक आवाज... बस्स.

शेजारच्या लेथवरचा बाळू सुतार ओरडला, "सर, वही वाचून दावा तिला! पेटंल!"

सरांचे कान लाल झाले. हात आपसूक वहीकडे गेला. ठिणगीच्या वेळेत चूक असेल का? व्हॉल्वच्या फटीत? पान सत्तावीस...

वस्तादांनी चहानं ओली झालेली बशी उचलली आणि वहीच्या बरोबर मधोमध ठेवली. बुडाला लागलेला चहा पुठ्ठ्यावर ओघळला. सर बघतच राहिले. अडीच वर्षं त्यांनी त्या वहीला तेलाचा डाग लागू दिला नव्हता.

"वस्ताद!"

वस्ताद गाडीकडे बघत होते.

सर वळले, ते रागातच. या वेळी त्यांनी काहीच मोजलं नाही. किक हळूच दाबली. मघाशी अंगठ्याला भेटलेला तो आतला जोर आता तळपायाला लागला. तिथं क्षणभर थांबले... आणि सगळं वजन किकवर सोडलं.

धप्.

धप्... धप्... धप् धप् धप् धप्...

छपराचे पत्रे थरथरले. लेथ बंद करून बाळू दारात आला आणि तोंडात बोट घालून उभा राहिला. धुरात सर टाकीवर हात ठेवून उभे होते, मुलाच्या पहिल्या नंबराला बाप उभा राहतो तसे. छाती पँटच्या पट्ट्याच्या कितीतरी पुढं आली होती.

मग त्यांच्या कपाळावर पुन्हा आठी उमटली. ते वाकले, कान लावला, सरळ झाले, पुन्हा वाकले.

"वस्ताद!" ते आवाज चढवून म्हणाले. "अगदी खरं सांगा... जमलंय का हो मला?"

वस्तादांनी कानामागं हात धरला.

"काय म्हंताय सर? इंजिन चालू हाय... काय ऐकू येत न्हाई!"