हरणीचे दुखणे

बालाघाटाच्या उतारावर कुसळगाव नावाचे लहानसे गाव होते. केरोबा महाराज फिरत फिरत तेथे आले आणि पुढे आठ-नऊ महिने गावाबाहेरच्या टेकाडावरील महादेवाच्या देवळात राहिले. महाराज बोलत थोडे. कोणी भाकरी आणून दिली तर खात, न दिली तर मागत नसत. त्या मुक्कामात महाराजांनी एकच अद्भुत गोष्ट केली, आणि ती सांगताना गावातल्या जुन्या माणसांचा आवाज खाली जाई. कारण तिच्यात गावाची शोभा नाही. भाविकांनी ती शांतपणे ऐकावी.

गावचे वतन व्यंकटराव देशमुखांकडे होते. देशमुखांना शिकारीचा फार नाद. त्यांच्याकडे अकरा कारवानी कुत्री होती. उंच, सडपातळ, पोट पाठीला लागलेली, आणि वाऱ्यासारखी पळणारी. ससा उठला की ही कुत्री सोडायची, मेंढरांवर लांडगा आला तरीही हीच सोडायची. त्यांची देखभाल धुरपदाबाई नावाची एक विधवा करी. तिचा नवरा हेच काम करीत असे. तो गेल्यावर तिने ते हातात घेतले.

पळणाऱ्या कुत्र्याचा जीव त्याच्या बोटांत असतो, हे धुरपदाबाईला पुरते ठाऊक होते. रोज दिवस कलला की ती कोमट मिठाचे पाणी घेऊन बसे. एकेका कुत्र्याचा पाय मांडीवर घेई, बोटे फाकवून आत शिरलेली कुसळे चिमटीने काढी, फाटलेल्या कातडीवर हळद आणि एरंडेल लावी. वाढलेली नखे ती आखूड करी, कारण लांब नख खडकात अडकले की सगळी ओढ बोटाच्या सांध्यावर येते. बोट मुरगळलेच तर मधे पिंजलेला कापूस घालून दुखरे बोट शेजारच्या धडक्या बोटाला बांधी. पट्टी फार आवळलेली नसावी म्हणून आत आपली करंगळी घालून पाही. या सगळ्यात तिची भजनाची वेळ टळून जाई.

दुपारी महाराजांना भाकरी द्यायला आली की ती म्हणे, "महाराज, माझ्यानं नाम घेणं होत नाही. अकरा कुत्र्यांच्या बोटांतच दिवस जातो."

एके दिवशी महाराज म्हणाले, "एका कुत्र्याची बोटं किती?"

"अंगठ्याची नखं धरून अठरा, महाराज."

"मग अकरांची मोज. माळेत मणी एकशे आठच असतात," महाराज म्हणाले. धुरपदाबाईला हिशेब आला नाही, पण तिला त्या दिवशी बरे वाटले.

एका एकादशीला मात्र तिने लवकर काम उरकले आणि ती देवळात कीर्तनाला आली. सगळे बसले होते. व्यंकटराव पुढे लोडाला टेकून होते. तिला दारात पाहून ते मोठ्याने म्हणाले, "धुरपदे, इकडं कुठं? तुझे देव तिकडं वाड्याच्या मागं भुंकायलेत."

सगळे गाव हसले. जिच्या पोराला हिने मागच्या वर्षी रात्रंदिवस उशाशी बसून वाचवले, ती शेजारीणही हसली. धुरपदाबाईने महाराजांकडे पाहिले. महाराज मान खाली घालून बसले होते. ती तशीच परत गेली.

दुसऱ्या दिवशी भाकरी ठेवताना ती म्हणाली, "महाराज, लोक हसले त्याचं मला काही नाही. तुम्हीपण काही बोलला नाही."

"बोललो असतो तर ते गप्प बसले असते," महाराज म्हणाले. "समजलं असतं असं नाही."

या उत्तराने तिचे समाधान झाले नाही. तिने ते मनात ठेवले.

फाल्गुनात देशमुखांकडे शिकारीसाठी एक मोठा अंमलदार यायचा होता. त्याच्या दोनच दिवस आधी हरणी नावाची कुत्री लंगडत परतली. अकरांत सर्वांत वेगाने पळणारी हीच. तिच्या मागच्या उजव्या पायाचे, कडेच्या बोटाशेजारचे बोट सुजले होते, आणि नख वर उचलले गेले होते. सांधा सरकला होता. धुरपदाबाईने हरणीचे तोंड आपल्या पदरात घेतले, सांधा बसवला, पट्टी बांधली आणि हरणीला घेऊन देशमुखांकडे जाऊन सांगितले, "मालक, एकवीस दिवस हरणीला पळवू नका. बोट धरलंय, पण सांधा अजून कच्चा हाय. आत्ता पळवली तर बोट जाईल."

व्यंकटराव म्हणाले, "माझ्या तुकड्यावर जगणारं जनावर. बोट दुखतंय म्हणून घरी बसणार? आणि हे तू मला सांगणार?"

"बोटाचं मला कळतं, मालक."

"तुला बोटाचंच कळतं," व्यंकटराव म्हणाले, आणि भोवतालचे लोक पुन्हा हसले. त्यांनी गड्याकडून ती पट्टी तिथल्या तिथे सोडवली.

शिकार तीन दिवस चालली, आणि तीही खडकाळ माळावर. अंमलदार खूश होऊन गेला. अकराही कुत्री पाय उचलत, थांबून थांबून तळवे चाटत घरी आली. सगळ्यांच्या तळव्यांची साले निघाली होती. हरणी तीन पायांवर आली. तिचे ते बोट फाटून बाहेरच्या बाजूला वळले होते आणि आतले हाड दिसत होते.

व्यंकटरावांनी एकदा पाहिले आणि म्हणाले, "आता ही कामाची नाही. ओघळीत नेऊन मारून टाक."

हे त्यांनी धुरपदाबाईलाच सांगितले. ती हो म्हणाली, हरणीला खांद्यावर घेऊन निघाली, आणि ओघळीकडे न जाता महादेवाच्या देवळात आली. महाराज पारावर बसले होते. तिने हरणीला त्यांच्यापुढे ठेवले आणि पाणी तापवायला चूल पेटवली. तिने हाड आत सरकवून पाहिले. ते राहिना.

त्याच वेळी खळ्याकडून ओरडा ऐकू आला. खळ्यावर ज्वारीची उफणणी चालली होती. व्यंकटरावांची तीन वर्षांची नात मैना कडब्याच्या सावलीत खेळत होती. भर दिवसा लांडग्याने तिला खांद्याला धरून उचलले आणि तो बाभळींच्या ओघळीत शिरला. घोडा त्या काट्यांत जाईना. बंदूक झाडावी तर पोरीला लागेल. व्यंकटरावांनी दहाही कुत्री सोडली. कुत्री शंभर पावले धावली, खडक लागताच थांबली आणि बसून आपले तळवे चाटू लागली. व्यंकटरावांनी चाबूक ओढला, तरी एकही उठले नाही.

कोणीतरी त्यांना सांगितले, धुरपदा देवळाकडे गेली आहे, हरणी तिच्यापाशी आहे. व्यंकटराव धावतच टेकाडावर आले. त्यांचे पागोटे सुटले होते. हरणी जिवंत पाहून ते म्हणाले, "सोड तिला. ऐकलं का, सोड."

धुरपदाबाई हरणीवर आडवी झाली. ती म्हणाली, "नाही."

"माझी नात हाय ती."

"हिला मारायला सांगितलंय तुम्ही. मेली म्हणून समजा."

तेव्हा महाराज म्हणाले, "धुरपदे, त्या लेकरानं काय केलंय?"

धुरपदाबाईचा बांध फुटला. "हिनं तरी काय केलं व्हतं, महाराज? बोलता येत नाही म्हणून हिच्या बोटाची माती केली. आता ह्यांच्या घरावर आलं की हिनंच पळायचं? पळाली तर मरंल ही. कोणीबी मरू द्या, पण ही नको."

महाराज म्हणाले, "तुझं बरोबर आहे. पण लेकरू अजून रडतंय, ऐक."

ओघळीतून खरेच बारीक रडणे येत होते. धुरपदाबाईने कान झाकले. मग हात खाली घेतले.

महाराजांनी हरणीचा पाय आपल्या मांडीवर घेतला. फाटलेल्या बोटाभोवती त्यांनी मूठ मिटली आणि म्हणाले, "दुखणं माझ्याकडं राहू दे. तू नेहमीसारखं बांध."

महाराजांनी मूठ उघडली तेव्हा बोट सरळ होते. धुरपदाबाईने कापूस घातला, दोन बोटे एकत्र बांधली, करंगळी घालून पट्टी पाहिली आणि हरणीला सोडले.

हरणी गेली ती चारही पाय टेकवत गेली. टेकाडावरून तिघांनाही दिसत होते. बाभळींतून लांडग्याची पाठ दिसली, त्यामागून हरणी. आणि दोन्ही एका दरडीआड गेली. पोर आधी ओरडली, मग गप्प झाली. लोक पोहोचले तेव्हा मैना वाळूत बसली होती. तिच्या खांद्यावर दातांच्या जखमा होत्या, पण ती जिवंत होती. लांडगा पुढे मरून पडला होता. हरणी त्याच्या शेजारी होती. तिचा गळा फाटला होता. धुरपदाबाईने तिचे डोके मांडीवर घेतले तेव्हा तिने एकदा शेपूट हलवले. त्यानंतर हलवले नाही.

धुरपदाबाईने पट्टी सोडून पाहिली. आत रक्ताचा थेंब नव्हता. बोट सरळ, नख जागेवर, सांधा घट्ट. एवढा चांगला पाय त्या कुत्रीला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो तिला पाव घटकाच मिळाला.

ती हरणीला उचलून देवळात आली. महाराज अजून पारावर तसेच बसले होते. त्यांच्या पायाखालची धूळ ओली होती. उजव्या पायाचे, करंगळीशेजारचे बोट फाटून बाहेर वळले होते आणि हाड दिसत होते. महाराजांचा चेहरा पांढरा पडला होता. धुरपदाबाईने हरणीला खाली ठेवले, चुलीवरचे पाणी घेतले आणि महाराजांचा पाय मांडीवर घेऊन धुवायला बसली. ती रडत होती आणि धूत होती.

तेवढ्यात मैनेला कडेवर घेऊन व्यंकटराव आले. मागून गाव आले. व्यंकटरावांनी आधी मेलेली हरणी पाहिली, मग महाराजांचे बोट पाहिले. थोड्याच वेळापूर्वी ज्याच्यावर त्यांनी एक नजर टाकली होती तेच बोट होते. माणसाच्या पायाला होते, एवढेच. ते खालच्या आवाजात म्हणाले, "महाराज, हे कधी बरं होणार?"

"हरणीचं एकवीस दिवसांत झालं असतं," महाराज म्हणाले. "बाईनं तुम्हाला सांगितलं होतं. माझं आता होणार नाही."

आणि ते झाले नाही. देह ठेवीपर्यंत महाराज त्या पायाने लंगडत चालत.

"मला काही तरी करायला सांगा, महाराज," व्यंकटराव म्हणाले.

"मी काय सांगू? ज्यांना कळतं त्यांना विचारा."

व्यंकटरावांनी पोरीला एका बाईच्या हाती दिले. ज्यांनी आजवर कोणापुढे मान लववली नव्हती ते देशमुख सगळ्या गावादेखत धुरपदाबाईपुढे गुडघ्यांवर आले आणि त्यांनी कपाळ जमिनीला लावले. गावातल्या कोणाला हसू आले नाही. कीर्तनाच्या दिवशी हसलेली शेजारीण तोंडाला पदर लावून मागे सरली.

धुरपदाबाईने मान वर केली नाही. ती एवढेच म्हणाली, "दहा कुत्र्यांचे तळवे सोललेत, मालक. पाऊस पडेपर्यंत एकालाही सोडू नका."

"नाही सोडणार," व्यंकटराव जमिनीकडे तोंड ठेवूनच म्हणाले.

तिने त्यांना उठा म्हटले नाही. महाराजांनीही म्हटले नाही. तिने कापूस घातला, महाराजांची दोन बोटे एकत्र बांधली आणि पट्टीत करंगळी घालून पाहिली. तोवर देशमुख तसेच वाकून होते.