मूठभर काम

"या दारात आज भिक्षा न्हाई, असं कोन म्हनालं?"

"मी म्हनाले."

"आन् आतनं कोन बोललं?"

"आत कोन न्हाई, आक्का. जे हाय ते मीच."

अंजिरा दाराच्या चौकटीला आडवा हात लावून उभी होती. समोर अंगणात, काठी टेकून, गुरू उभी होती.

गुरूचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. चिंध्या जोडून शिवलेली कफनी घालायची म्हणून लोक चिंधाई म्हणत. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर तिची एवढीशी मठी होती. अंजिरा आणि तिचा नवरा रंगराव, दोघांनी लग्नाच्या पहिल्याच साली तिच्याकडून कानमंत्र घेतला होता.

असल्या गुरूला दारातून परत लावायचं... पंचक्रोशीत कुणी केलं नव्हतं. निदान तोंडावर तरी नव्हतं.

"अगं, काय बोलतीस?" जांभळीखालून रंगराव ओरडला. "आक्कांच्या पाया पड आधी!"

"तुमीच पडा. तुमाला येळ हाय."

रंगराव उठला, आला, साष्टांग पडला, आणि परत जाऊन पोत्यावर बसला. हातातली जपमाळ त्याने कुठेही थांबू दिली नाही. मळ्यातल्या या वस्तीवर तो एकटाच विरक्त होता. संसारात राहूनही आपण त्यात नाही, असं तो आल्यागेल्याला सांगत असे, आणि ते खरंच होतं. माळ ओढायला हात रिकामे लागतात. रंगरावचे हात गेली कैक वर्षं रिकामे होते.

ओसरीवर एक बोचकं होतं. गाठ मारलेलं.

चिंधाईने ते पाहिलं.

"गावाला निघालीस?"

"भावाकडं. सांजच्या यष्टीनं."

"कवा येशील?"

 "आले तर येईन."

जांभळीखाली माळ क्षणभर अडखळली. पुन्हा चालू झाली.

"काय झालं?"

"काय व्हायला पायजे?" अंजिराचा आवाज चढला. "हिरीवरनं पानी ओढायचं, तवर कोंबड्या परड्यात उकरत्यात. कोंबड्या हाकलाव्या तर शेळी कडबा वडती. शेळी बांधावी तर चुलीवरचं उतू जातं. कांदा पसरलाय तो सडाय लागला. शेणी लावायच्या ऱ्हायल्यात. एक काम उरकून मान वर करावी तर दुसरं उंबऱ्यावर पाय देऊन हुबंच! पोरगी नांदाय गेली, पोरगा मिलिट्रीत गेला, सासू देवाघरी गेली. कामं मात्र कुटं गेली न्हाईत. काल सांजच्याला मी परड्यात हुबी ऱ्हायले आन् मला सुचंना, आता कुटं जायचं. पाय उचलंना. कोंबडीवानी जागच्या जागी फिरत ऱ्हायले. आन् रडले. त्या शेळीम्होरं रडले, आक्का!"

"मग शेळी काय म्हनाली?"

"चेष्टा करू नगा."

"बरं."

...

"मला ठावं हाय तुमी काय सांगनार," अंजिरा म्हणाली. "नाव घे. मन शांत ठेव. काम करताना देव आठव. सांगितलंत मागं. केलं मी. देव आठवताना दूध करपलं."

चिंधाई हसली नाही. रंगरावने जांभळीखाली "शिव शिव" म्हटलं.

"आज सांगूनच टाकते," अंजिरा म्हणाली. तिचा आडवा हात चौकटीवरून खाली आला नाही. "तुमाला घर न्हाई. जोंधळा कुनीतरी दळावा, भाकरी कुनीतरी थापावी, तवा तुमची झोळी भरती. आमी चुलीपाशी बसतो म्हनून तुमाला शानपन परवडतं. घर सोडून गेलेल्या बाईनं घर वडनारीला शिकवू ने."

अंगणात एकदम शांतता पसरली. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या असं म्हणणार होतो, पण कोंबड्या कुणासाठी गप्प होत नाहीत.

"खरं हाय," चिंधाई म्हणाली.

अंजिराला हे अपेक्षित नव्हतं.

"खरं हाय पोरी. म्हनून मी शिकवाय आले न्हाई. मी भीक मागाय आले."

"सांगितलं की. पीठ न्हाई. भाकरी न्हाई. आज चूल पेटवली न्हाई मी, आन् पेटवनार न्हाई."

"पीठ कोन मागतंय?"

चिंधाईने काठी भिंतीला लावली. खांद्यावरची झोळी काढली आणि दोन्ही हातांनी तिचं तोंड उघडून धरलं.

"तुज्याकडं जे रग्गड हाय ते घाल. एक काम घाल."

"काय?"

"काम. भिक्षा म्हनून."

अंजिरा हसली. कडू हसली. "सगळीच घ्या की! हे घर घ्या, परडं घ्या..."

"माजी झोळी लहान हाय. मूठभर घाल. एकच."

...

"शेणी लावा मग," अंजिरा म्हणाली.

"लावते."

चिंधाई गोवऱ्यांसाठी साठवलेल्या शेणाच्या ढिगाकडे वळली. कफनीच्या बाह्या सरसावून तिने खाली हात घातला, तोच...

"तसं न्हवं! भुसकाट मिसळायचं असतं. न्हाईतर तडकत्यात. ऱ्हाऊ द्या. ते मीच करीन."

चिंधाईने हात झटकले. पुन्हा झोळी उघडून उभी राहिली.

"कांदा?"

"कांदा तुमच्यानं निवडायचा न्हाई. सडका कंचा, दबका कंचा, ते हाताला कळाय लागतं."

"पानी वडते."

"त्यो रहाट लईच खट्याळ हाय. उगं हात मोडून घ्याल."

"कोंबड्या तरी कोंडते."

"त्यातली एक बाहीर अंडी घालती. ती कुटं दडती ते मलाच..."

अंजिरा थांबली.

झोळी तशीच उघडी होती. रिकामी.

"एवढी चिक्कू बाई मी मुलखात बघितली न्हाई," चिंधाई म्हणाली.

हे लागलं. अंजिराच्या दारातून कधी कुत्रंसुद्धा उपाशी गेलं नव्हतं, आणि हे तिला स्वतःला पक्कं ठाऊक होतं. तिचे कान लाल झाले. ती तरातरा आत गेली. भांड्यांचा आवाज झाला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात धारेची चरवी होती, घासून लख्ख केलेली पितळी चरवी, जिला या घरात दुसऱ्या कुणाचा हात लागत नसे.

"घ्या!" तिने चरवी झोळीत आदळली. "शेवंतीची धार. धारंची येळ झालीच हाय. म्हस हाय ती, देव न्हवं. माज्याबिगर कुनाला कासंला हात लावू देत न्हाई. काढून दावा."

"दिलीस?"

"दिली!"

"मनापासनं?"

"रागानं दिली. चालती का?"

"चालती," चिंधाई म्हणाली. "पोटाला कळत न्हाई."

ती गोठ्याकडे निघाली. अंजिरा हाताची घडी घालून ओसरीच्या पायरीवर बसली. आता गंमत बघायची होती तिला.

पण चिंधाई गोठ्याशी थांबली नाही. ती तशीच पुढे जांभळीखाली गेली.

"रंगा, हात पसर."

रंगरावने डोळे मिटूनच दोन्ही हात पुढे केले. सवयच तशी. हातात काहीतरी थंड आणि जड आलं, ते त्याने भक्तिभावाने कपाळाला लावलं आणि मग डोळे उघडले.

चरवी होती.

"आक्का... हे काय?"

"परसाद."

"पन ही तर..."

"झोळीत पडलेलं मी एकटी कवा खाल्लंय का? वाटूनच खाते. हा तुजा वाटा."

"आक्का, आता मन मागं संसारात फिरत न्हाई हो. म्हस, दूध, ही सगळी माया..."

"परसाद नगं म्हनतोस?"

 उभ्या जन्मात रंगरावने प्रसाद नाकारला नव्हता. प्रसाद नाकारणाऱ्याचं पुढे काय होतं, ते त्यानेच गावाला किती वेळा रंगवून सांगितलं होतं!

त्याने माळ जांभळीच्या फांदीला अडकवली आणि गोठ्यात गेला.

चिंधाई येऊन अंजिराशेजारी पायरीवर बसली. पदराला चिकटून बसली.

...

गोठ्यातून आधी म्हशीचं फुरफुरणं ऐकू आलं. मग रंगरावचं "हो बाय, हो बाय". रेडकू सोडल्याचा आवाज, ओढल्याचा आवाज. मग बराच वेळ काहीच नाही.

रंगराव दारात आला. एक पाय शेणात बरबटलेला.

"पान्हा चोरती," तो म्हणाला. "थेंब सोडंना."

"सोडंल कशी?" अंजिराला राहवलं नाही. "तिला माजा वास लागतो."

चिंधाईने मान डोलावली. मग हात लांब करून ओसरीवरचं बोचकं ओढलं, गाठ सोडली आणि वरचं लुगडं रंगरावकडे फेकलं. हिरवं, अंगावर वापरून मऊ झालेलं.

"पांघर."

"आक्का!"

"डोईवरनं घे. म्हशीला बायको वाटली पायजे."

"रस्त्यानं मानसं जात्यात. मी भजनात बसतो... लोक काय म्हनतील?"

"तू तर संसारात न्हाईस," चिंधाई म्हणाली. "तुला कोन काय म्हननार?"

रंगराव लुगडं हातात धरून उभा राहिला. बांधावरून कुणीतरी सायकल हातात धरून चाललं होतं, ते थांबलं. रंगरावने एकदा बांधाकडे बघितलं. एकदा बायकोकडे बघितलं. अंजिराने नजर खाली घातली नाही. अनेक वर्षांनी तो तिच्याकडे एवढा वेळ बघत होता.

त्याने लुगडं डोक्यावरून घेतलं आणि आत गेला.

बांधावरची सायकल जाता जाईना.

 अंजिराला वाटलं रडू येतंय. हसू आलं. पदर तोंडात कोंबून ती हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि हसता हसता तिला खरंच रडू आलं.

चिंधाई समोर बघत राहिली.

मग गोठ्यातून आवाज आला. चुर्र...

पुन्हा. चुर्र... चुर्र...

अंजिराचं रडणं थांबलं. ती कान देऊन ऐकू लागली. धार वाकडी पडत होती. अर्धी चरवीत, अर्धी बाहेर. ते तिला आवाजावरून कळत होतं. तिची बोटं मांडीवर आपोआप मिटत होती, उघडत होती.

"अंगठा दुमडून धरलाय त्यांनी," ती पुटपुटली. "दुकंल तिला."

चिंधाईने रिकामी झोळी घडी करून पायरीवर ठेवली.

"आक्का, आचळ वडत्यात ते. वडायचं नसतं."

...

"आक्का!"

गोठ्यात धाडकन आवाज झाला. लाथ बसली, चरवी गडगडत दारापर्यंत आली आणि तिच्यामागून दुधाचा पांढरा ओघळ. आतून रंगराव ओरडला, "अगं अंजिरे!"

अंजिरा ताडकन उठली. उठली आणि जागच्या जागी अडकली. तिच्या पदराचं टोक चिंधाईच्या पायाखाली होतं.

"पाय काढा."

पाय हलला नाही.

"आक्का, दूध सांडलं!"

"सांडू दे."

"म्हस आटंल माजी! रातीला घरात च्याला दूध न्हाई!"

"नसू दे."

"त्यांना न्हाई जमायचं ते!"

"आज न्हाई."

गोठ्यातून पुन्हा हाक आली. या वेळी हळू, विनवणीची. पाठोपाठ दारात हिरवं लुगडं दिसलं. रंगराव वाकला, चरवी उचलली. तिला पोचा आला होता. त्याने ती लुगड्याच्या पदराने आतून बाहेरून पुसली, बांधाकडे न बघता, आणि पुन्हा म्हशीकडे वळला.

लांब फाट्यावर यष्टीचा हॉर्न वाजला.

अंजिरा पदर दोन्ही हातांनी ओढत होती. सुटलेलं बोचकं तिच्या पायाशी पडलं होतं.

"मला जाऊ द्या, आक्का."

"यष्टीला जायचं तर जा. ही बग, वाट मोकळी हाय." चिंधाईने बांधाकडे हात केला. "गोठ्याकडं तेवढं जायचं न्हाई."

"का पन? माजी म्हस, माजा गोठा, माजी चरवी..."

चिंधाईने रिकामी झोळी उचलली, झटकली, आणि खांद्याला लावली.

"दिलेली भिक्षा माघारी घेत न्हाईत, पोरी."