राणाचा दोर

फार मागची गोष्ट. तेव्हा आमच्या खाडीतल्या तारवांना एकही खिळा नसे. फळ्या काथ्याच्या दोरानं शिवायच्या, आणि त्या काथ्यासाठी नारळाची सोडणं पावसाळाभर चिखलात मुरवायची.

पाच गावांचा धनी केसुराणा. राज्य एवढंसंच, पण लढाईत हा गडी पहिल्या तारवाच्या टोकावर उभा असायचा. त्याच्या हाकेनं वारा दिशा बदलायचा, असं म्हणतात.

एका वर्षी दक्षिणेचा मोठा राजा चालून आला. राणानं घाईनं नवी तारवं बांधायला घेतली. दोर पुरवला वामणशेटनं. त्यानं काथ्या मुरू दिला नाही. कच्च्या दोराला वरून चिखल फासून खपवला. माझा धंदा तोच, म्हणून सांगतो, असा दोर हातात घेतला तर कळतो. पण घाईत हातात घेतो कोण?

भर लढाईत टाके उसवले. शत्रूचा बाण लागण्याआधीच माणसं बुडाली. राणा तुटका दोर दातात धरून पोहत परतला. त्याच्या अंगातल्या रागानं खाडीचं पाणी उकळत होतं, असं म्हणतात.

"शेट, दोर कुणाचा?"

"माझा, राणाजी. पण टाके तुमच्या सुतारांनी घातले."

"बरं. त्याच दोरानं शिवलेली एक होडी उरलीय. बसा."

"मला पोहता येत नाही हो."

"माझ्या माणसांना येत होतं."

राणानं शेटला पुढं बसवलं आणि स्वतः वल्ही मारली. खाडीच्या तोंडावरच्या काळ्या खडकापाशी होडी उसवली. राणानं शेटला मानगुटीला धरून खडकावर फेकलं. "जा, आता सोडणं भिजत घाल," एवढं बोलला आणि पाण्यात गेला तो गेलाच. वारा पडलेला असला तरी त्या खडकाभोवती पाणी आजही खवळलेलं असतं. राणाचा राग अजून उतरला नाही, असं म्हणतात. का उतरावा?

आता होड्यांना खिळे आहेत, दोर नायलॉनचा आहे. तरी नवी होडी पाण्यात उतरली की तिला दोर पुरवणारा व्यापारी पहिल्या फेरीला पुढं बसतो. मीही बसतो. खडकापाशी तांडेल वल्ही थांबवून विचारतो, "शेट, दोर कुणाचा?"

"माझा," असं मोठ्यानं म्हणावं लागतं. त्यानंतरच होडी मागं वळते.