महाराजांच्या पानातलं वाटीभर मीठ

"चौदा म्हणजे चौदा! एकही कमी नाही, आणि एकालाही कमी वेळ नाही," कर्दळीनगरचे महाराज रणधवल समोर हात जोडून उभ्या असलेल्या वेणूवर कडाडले.

वेणू ही राजवाड्यातल्या विसोबा आचाऱ्याची मुलगी. गावातली शाळा पहिल्या नंबरानं संपवून ती आता वरच्या पाठशाळेच्या दारात उभी होती. तिला वैद्य व्हायचं होतं. पण वरच्या पाठशाळेत चौदा विषय, आणि ते सगळ्यांनी सारखेच शिकायचे असा नियम. का? तर शेजारच्या राजाच्या पाठशाळेत तेरा होते म्हणून. चौदावा कुठून आणायचा, असा प्रश्न पडला तेव्हा महाराजांचे मेहुणे भुजंगराव रिकामेच बसले होते. त्यांना पागोटी छान बांधता यायची. झालं, 'पागोटेशास्त्र' जन्माला आलं आणि भुजंगराव पंडित झाले.

पाठशाळेत दर घटकेला टोला पडे. व्याकरणाचं पान उघडावं तोच टोला, की पळा गणिताला. गणित डोक्यात शिरावं तोच टोला, की पळा संगीताला. खुद्द युवराज व्याकरणाला तलवार घेऊन जात आणि युद्धकलेला दौत. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ताप ओळखता येत नसे, पण पागोटं मात्र झकास बांधता येई.

म्हणून वेणूनं भर दरबारात विनंती केली होती, "महाराज, मला वैद्यक नीट शिकू द्या. सगळंच सारखं शिकले तर माझ्या हातून रोगी मरतील."

त्यावरच महाराज कडाडले होते. "असं?" आता त्यांनी मिशीला पीळ दिला. "मग सांग, कोणता विषय टाकाऊ आहे?"

चौदा पंडितांच्या अठ्ठावीस डोळ्यांनी वेणूकडे पाहिलं. भुजंगरावांचे जरा जास्तच मोठे झाले होते.

"उद्या दुपारच्या पंगतीपर्यंत मुदत," महाराज म्हणाले. "एकही विषय काढायचा नाही, एकाही पंडिताचा अपमान करायचा नाही, आणि तरी ओझं कमी करून दाखवायचं. जमलं तर पाठशाळा तुझी. नाही जमलं तर जन्मभर बापाशेजारी लसूण सोलायचा."

घरी विसोबानं कपाळाला हात लावला. "पोरी, कशाला तोंड उघडलंस?"

"बाबा," वेणू म्हणाली, "उद्याची पंगत मी वाढू का?"

दुसऱ्या दिवशी महाराज आणि सगळे पंडित पाटावर बसले. राजवाड्याच्या पंगतीचा एक कडक नियम होता, महाराजांनीच घातलेला. पानात काही टाकायचं नाही. वाढलेलं सगळं संपल्याशिवाय उठायचं नाही.

वेणूनं पानं मांडली. प्रत्येक पानात चौदा वाट्या, सगळ्या एका मापाच्या आणि काठोकाठ भरलेल्या. एक वाटी भात, एक वाटी वरण, एक वाटी पुरण. शिवाय एक वाटी ठेचा, एक वाटी लोणचं, एक वाटी लिंबाच्या फोडी. आणि एक वाटी मीठ. दारामागे उभा असलेला विसोबा ते पाहून तिला मीठ उचलायच्या खुणा करू लागला.

महाराजांना कडकडून भूक लागली होती. चार घासांत भात संपला. "भात वाढ," ते म्हणाले.

"आपल्या वाटचा भात झाला, महाराज," वेणू नम्रपणे म्हणाली. "आता मीठ आहे. ठेचाही तसाच राहिलाय."

व्याकरणपंडितांनी धीर करून ठेच्याचा मोठा घास घेतला. मग पाणी मागताना त्यांचं सगळं व्याकरण चुकलं.

"हे काय वाढलंयस?" महाराज भडकले. "वाटीभर मीठ कोणी खातं का?"

"कमी-जास्त करायचं नाही, असा आपलाच हुकूम आहे ना? मग मीठ काढूनच टाकू का?"

"काढून कसं टाकशील? मिठावाचून पान असतं का? आचाऱ्याची मुलगी ना तू? मीठ चिमूटभर, वरच्या बाजूला. चटणी, लोणचं, लिंबू डावीकडे, चाखण्यापुरतं. भाजी-आमटी उजवीकडे, भात मध्ये, पोटभर!"

"कालच्या कोड्याचं उत्तर आपणच दिलंत, महाराज," वेणू म्हणाली. "पानातलं काहीच काढलं नाही, आणि ओझंही राहिलं नाही."

महाराजांचा घास हातातच राहिला. पंडितांत मात्र चुळबुळ सुरू झाली. "म्हणजे आमचं गणित लोणचं?" "आणि माझं संगीत काय, लिंबाची फोड?"

"तसं नाही, पंडितजी," वेणू म्हणाली. "ज्याची भूक जशी, तसं त्याचं पान. माझ्या पानात वैद्यक म्हणजे भात आणि संगीत म्हणजे चटणी. पण गवयाच्या मुलाच्या पानात संगीताचाच भात असेल. कोणाच्या ना कोणाच्या पानात तुम्ही सगळे पोटभर आहात."

चुळबुळ थांबली. पोटभर हा शब्द पंडितांना आवडला.

"पोटभर वाढायचे विषय किती?" महाराजांनी विचारलं.

"ते जेवणारा ठरवील. मला तीन पुरे."

आता भुजंगराव खाकरले. "आणि आमचं पागोटेशास्त्र? ते या पानात कुठं?"

सगळ्यांनी वेणूकडे पाहिलं. महाराणींचे बंधू ते. विसोबानं डोळे गच्च मिटले.

"मामासाहेब, आपली जागा सगळ्यांच्या आधी," वेणूनं हात जोडले. "आपण पानाभोवतीची रांगोळी. ती काढल्याशिवाय पंगत मांडतच नाहीत. फक्त जेवताना तिला कोणी हात लावायचा नसतो."

भुजंगरावांनी प्रसन्न होऊन पागोटं सारखं केलं आणि डावीउजवीकडे पाहिलं.

महाराजांना आधी ठसका लागला आणि मग असं हसू फुटलं, की पाट हलायला लागला. डोळे पुसत त्यांनी गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून वेणूच्या हातावर ठेवला.

"उद्यापासून पाठशाळेत ये. तीन विषय पोटभर, बाकीचे चाखण्यापुरते!" ते म्हणाले. "आणि आता ही मिठाची वाटी उचल, अन् मुकाट्यानं भात आण."