गेनबा आणि टाळूचा फोटो

एका गावात एक भोळा फोटोवाला होता. नाव गेनबा. सांगितलेला शब्द न् शब्द पाळायचा, एवढाच काय तो त्याचा दोष.

तालुक्याच्या दवाखान्यात सुभद्राबाई डॉक्टर जन्मतः फाटलेले ओठ नि टाळू शिवायच्या. ऑपरेशनआधीचे नि नंतरचे फोटो काढायला त्यांनी गेनबाला ठेवलं.

पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, "या पोरीच्या टाळूचा फोटो काढा."

गेनबानं पोरीची मान वाकवली, तेलकट भांग सारखा केला आणि डोक्याचा फोटो काढला.

"अहो, तोंडातली टाळू! आधी 'आ' करायला लावायचं."

"चुकलो बाई. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी ओठ फाटलेला म्हातारा आला. गेनबानं त्याला 'आ' करायला लावलं. फोटोत पडजीभ आली, ओठ राहिला बाजूला.

"अहो, ओठासाठी तोंड मिटायचं!"

"चुकलो बाई. आता ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी बाईंनी टाळू दिसावी म्हणून तोंडात धरायचा आरसा दिला. गेनबानं तो एका पोराच्या तोंडात ठेवला आणि म्हणाला, "हं, आता मीट तोंड."

बाईंनी आरसा सोडवला. त्यावर श्वासाची वाफ धरली होती. "अंधुक दिसलं की कोमट पाण्यात बुडवायचं, कळलं?"

कळलं. चौथ्या दिवशी छापलेला एक फोटो अंधुक निघाला. गेनबानं तो कोमट पाण्यात बुडवला. पाणी रंगीत झालं, कागद कोरा.

बाईंनी कपाळाला हात लावला. "गेनबा, एवढं तरी ऐका. आधीचा नि नंतरचा फोटो सारखा हवा. तीच जागा, तोच उजेड. केसाचाही फरक नको."

"नाही पडणार, बाई."

महिन्याभरानं सगुणा नावाची बाई तान्ह्या लेकराला घेऊन आली. लेकराची टाळू फाटलेली, पाजलेलं दूध नाकातून यायचं. पण ऑपरेशन म्हटलं की सगुणा लेकराला पदराआड घ्यायची. बाई घाईत होत्या. म्हणाल्या, "गेनबा, त्या पहिल्या दिवशीच्या पोरीचे आधीचा नि नंतरचा असे दोन्ही फोटो हिला दाखवा. धीर येईल."

गेनबानं दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि त्याला घामच फुटला. एकात टाळूला भेग, दुसऱ्यात भेगच नाही! आता बाई ओरडणार. त्यानं नंतरचा फोटो फाडून टाकला, आधीच्याच दोन प्रती काढल्या आणि सगुणापुढं धरल्या.

"हा ऑपरेशनच्या आधीचा, हा नंतरचा. बघा ताई, केसाचाही फरक नाही!"

सगुणानं लेकरू उचललं आणि थेट एसटी स्टँड गाठलं. मागोमाग बाई धावल्या. हातापाया पडून, समजूत घालून दोन तासांनी तिला परत आणली.

दारात गेनबा हसतमुखानं उभा होता.

"ताईंना अजून पटत नसेल, तर तिसरी प्रत काढू का, बाई? तीही अगदी सारखीच निघते."